विकर कसं काम करतं? वांगं, लाळ, बटाटा आणि सोयाबीन यांवरचे चार प्रयोग

खानदेशात भरिताचं वांगं भाजण्याआधी चिरत नाहीत. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवं, पांढऱ्या रेषांचं, भलंमोठं वांगं अख्खं ठेवतात, साल करपेपर्यंत उलटसुलट भाजतात, मग साल सोलून गर लाकडी बडगीत ठेचतात. हा गर फिकट असतो आणि पंगत उठेपर्यंत जवळपास तसाच राहतो. तेच वांगं भाजीसाठी चिरून ताटात ठेवा. फोडणी तयार होईपर्यंत कापांवर तपकिरी छटा येते आणि अर्ध्या तासात ते काळवंडतात. म्हणून तर चिरलेलं वांगं मिठाच्या पाण्यात टाकायची पद्धत घरोघरी आहे.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं या पट्ट्यात नावाजलेलं आहे. पण कुठलंही वांगं घेतलं तरी हा काळेपणा टळत नाही, कारण तो विकरामुळे येतो. या विकराचं नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. वांग्याच्या पेशीत ते एका कप्प्यात असतं आणि ज्याच्यावर ते काम करतं ते फिनॉल गटातलं रसायन दुसऱ्या कप्प्यात. वांग्यात हे रसायन मुख्यतः क्लोरोजेनिक आम्ल असतं. सुरी फिरली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि फिनॉलचं क्विनोन होतं. क्विनोनचे रेणू पुढे एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी-काळं रंगद्रव्य तयार होतं. भाजण्यात मात्र साल शाबूत असल्याने हवा आत फारशी पोचत नाही, आणि साल सोलायची वेळ येईपर्यंत उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं.

म्हणजे हवा, उष्णता, मीठ अशा बऱ्याच गोष्टी एकाच वेळी काम करत असतात. त्यातली कोणती किती काम करते, हे वेगळं काढून पाहणं म्हणजे विकरावरचा प्रयोग. पुढचे चार प्रयोग त्यासाठी आहेत. त्यांतले बहुतेक स्वयंपाकघरातल्या आणि मेडिकल स्टोअरमधल्या साहित्यावर होतात.

आधी थोडं विकराविषयी

जवळजवळ सगळी विकरं प्रथिनं असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट तऱ्हेने घड्या पडून गोळा होते आणि त्या गोळ्यावर कुठेतरी एक खाच तयार होते. तिला क्रियास्थळ म्हणतात. ज्याच्यावर काम करायचं तो पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट, त्या खाचेत बसतो. तिथे त्याचे बंध ताणले जातात, मोडतात किंवा नवे जुळतात आणि तयार झालेला पदार्थ बाहेर पडतो. विकर होतं तसंच राहतं आणि पुढचा रेणू घेतं. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँडने तिच्यात दुरुस्ती केली: खाच ताठ नसते, रेणू आत येताना ती त्याच्याभोवती थोडी आवळते.

विकर नवी अभिक्रिया निर्माण करत नाही. जी अभिक्रिया आपणहून अतिशय मंद चालली असती, तिच्या आड येणारा ऊर्जेचा उंबरठा ते खाली आणतं आणि वेग वाढवतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मेडिकल स्टोअरच्या कपाटात महिनोन्‌महिने टिकते, पण त्यातले दोन थेंब कच्च्या बटाट्यावर टाकले की लगेच फेस येतो. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन दोन्हीकडे होत असतं, फरक फक्त वेगाचा आहे. म्हणून विकराच्या प्रयोगात ‘झालं की नाही’ एवढं नोंदवून भागत नाही. किती वेळात झालं, हे मोजावं लागतं.

प्रयोग पहिला: वांग्याचे काप

एकच ताजं वांगं घ्या आणि स्टीलच्या सुरीने त्याचे सारख्या जाडीचे काप करा. लोखंडी विळी वापरू नका. लोखंडाची वांग्यातल्या फिनॉलशी थेट अभिक्रिया होऊन काळा रंग येतो. तो विकराचा नसतो, पण डोळ्यांना फरक कळत नाही.

सहा पांढऱ्या बशा मांडा. पहिलीतला काप तसाच उघडा ठेवा. दुसरीतल्या कापाला लिंबाचा रस लावा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवा. चौथा काप उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून, पुसून बशीत ठेवा. पाणी आधी खळखळून उकळलेलं हवं. गार पाण्यात टाकून तापवत नेलं तर विकराला मधला कोमट काळ मिळतो आणि ते तेवढ्यात काम उरकतं. पाचवा काप बशीसकट फ्रिजमध्ये ठेवा. सहावा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात हवा राहणार नाही असा घट्ट गुंडाळा. दर दहा मिनिटांनी, एकाच जागेच्या उजेडात, सगळ्यांचे फोटो काढा.

पहिली बशी हा तुमचा कंट्रोल. बाकी सगळं तिच्याशी ताडून पाहायचं. अर्ध्या तासात ती तपकिरी होते. गुंडाळलेला काप बराच उजळ राहतो, कारण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. या अभिक्रियेत ऑक्सिजन हाही एक सबस्ट्रेटच आहे. फ्रिजमधला आणि उकळलेला काप दोन्ही फिके दिसतात आणि इथेच घाईने चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन्ही बाहेर काढून तासभर शेजारी ठेवा. फ्रिजमधला हळूहळू काळवंडायला लागतो, उकळलेला तसाच राहतो. थंडीने रेणूंची हालचाल मंदावते आणि विकराचा वेग घटतो, पण विकर शाबूत असतं. उकळीने प्रथिनाची घडीच उलगडते, खाच मोडते, आणि गार केल्यावर ती पुन्हा जुळत नाही.

लिंबू आणि मीठ यांचा निकाल मात्र वाटतो तितका सरळ नाही. लिंबात आम्ल आहे. पॉलिफिनॉल ऑक्सिडेजला साधारण ६ ते ७ सामू मानवतो आणि फार आम्लात त्याचा वेग पडतो. पण लिंबात क जीवनसत्त्वही आहे आणि ते तयार झालेल्या क्विनोनला पुन्हा मूळ रूपात आणतं. मग काप पांढरा राहिला तो कशामुळे? हे ठरवायला सातवी बशी लागते, व्हिनेगरची. त्यात आम्ल आहे, क जीवनसत्त्व नाही. मिठाच्या पाण्याचंही तसंच. क्लोराइड या विकराला अडवतं हे खरं, पण पाण्यात बुडवल्याने हवाही तुटली. म्हणून आठवी बशी, साध्या पाण्याची. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की उत्तर कोणाच्या पदरात टाकायचं ते कळत नाही. विकराच्या प्रयोगात निम्मं डोकं इथेच लावावं लागतं.

प्रयोग दुसरा: लाळ आणि स्टार्च

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात हे प्रात्यक्षिक हमखास असतं आणि ते नीट केलं तर विकराविषयी बहुतेक सगळं शिकवतं. लाळेतलं अमायलेज स्टार्चचे तुकडे करतं. कळण्याची भाकरी तोंडात बराच वेळ चावत राहिलं की गोडसर लागते, ती यातून तयार झालेल्या माल्टोज साखरेमुळे. आयोडीनने स्टार्च निळं-काळं होतं, माल्टोज होत नाही. या फरकावर सगळं मोजमाप चालतं.

एक ग्रॅम आरारूट थोड्या थंड पाण्यात कालवून १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओता, ढवळा आणि गार होऊ द्या. चूळ भरून एक मिलिलिटर लाळ गोळा करा, पाणी घालून वीस मिलिलिटर करा आणि कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या. लाळेची ताकद माणसागणिक आणि वेळेगणिक बदलते. म्हणून पूर्ण गटाने एकाच माणसाची, एकदाच घेतलेली लाळ वापरायची. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीने मांडून ठेवा.

परीक्षानळीत पाच मिलिलिटर स्टार्च घ्या, दुसऱ्या नळीत पातळ केलेली लाळ. दोन्ही नळ्या ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. मगच एक मिलिलिटर लाळ स्टार्चमध्ये घाला आणि स्टॉपवॉच सुरू करा. थंड लाळ कोमट स्टार्चमध्ये ओतली तर पहिली काही मिनिटं नेमकं कोणतं तापमान होतं, ते सांगता येत नाही. आता दर मिनिटाला नळीतला एक थेंब टाइलवरच्या आयोडीनच्या एकेका थेंबात टाका. पहिला ठिपका गडद निळा. पुढचे जांभळे होत जातात, मग तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळा रंग तेवढा उरतो. या क्षणाला ॲक्रोमिक पॉइंट म्हणतात. मधला तांबूस रंग डेक्स्ट्रिनचा, म्हणजे अर्धवट तुटलेल्या स्टार्चचा. टाइलवरची ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की स्टार्चचा रेणू कसा तुटत गेला याचा पूर्ण क्रम समोर दिसतो.

पहिल्याच मिनिटाला रंग गेला तर लाळ आणखी पातळ करा. वीस मिनिटांनीही निळाच राहिला तर थोडी दाट घ्या. एक कंट्रोल नळी इथेही हवी: स्टार्च, आणि लाळेऐवजी उकळून गार केलेली लाळ. तिचे सगळे ठिपके शेवटपर्यंत निळे राहिले पाहिजेत.

हीच कृती बर्फाच्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, ३७ अंशांना, ६० अंशांना आणि उकळत्या पाण्यात करा. लागलेला वेळ हा वेगाच्या उलट असतो. एका नळीला ४ मिनिटं आणि दुसरीला ८ मिनिटं लागली, तर दुसरीचा वेग निम्मा. म्हणून आलेखावर वेळ न मांडता १ भागिले वेळ मांडायचा. मग बर्फापासून ३७ पर्यंत चढत जाणारी आणि पुढे कोसळणारी रेघ मिळते. चढाच्या भागात तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो.

गरम नळ्यांत एक फसवणूक असते. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेने आपोआप जातो, गार झाल्यावर परत येतो. उकळत्या नळीतला थेंब तसाच आयोडीनवर टाकला तर तो बिनरंगी दिसू शकतो आणि उकळीतही विकर चाललं असा उलटा निष्कर्ष निघतो. थेंब गार होऊ द्या, मग टाका.

‘विकराचं सर्वोत्तम तापमान ३७ अंश’ असं वाक्य पाठ केलेलं असतं, पण ते पूर्ण खरं नाही. तापमान वाढताना दोन गोष्टी एकदम चालू असतात: प्रत्येक रेणू जास्त वेगाने काम करतो, आणि त्याच वेळी काही रेणूंची घडी उलगडून ते बाद होतात. बाद होण्याला वेळ लागतो. त्यामुळे प्रयोग दोन-तीन मिनिटांत संपणारा असेल तर ४५-५० अंशांनाही वेग भरपूर दिसतो. लाळ त्याच तापमानाला तासभर ठेवून मग वापरली तर वेग घटलेला दिसतो. म्हणून तापमानाबरोबर काळही लिहायचा असतो.

सामूसाठी ५, ६.८ आणि ८ अशी तीन बफर घेतात. लाळेतलं अमायलेज ६.८ च्या आसपास सर्वांत वेगात चालतं. आम्लात क्रियास्थळातल्या अमिनो आम्लांवरचे विद्युतभार बदलतात आणि खाचेत रेणू नीट बसत नाही. घास जठरात गेल्यावर त्यातलं अमायलेज थोड्या वेळाने थांबतं ते याचमुळे. जठरातलं पेप्सिन मात्र २ च्या आसपासच्या सामूवरच जोमात असतं. घरी बफर नसलं तर आम्लासाठी व्हिनेगर वापरा, लिंबू नको. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवतं आणि स्टार्च संपल्यासारखं वाटतं. उलट बाजूला खायच्या सोड्यासारखा अल्कलीयुक्त पदार्थ जास्त झाला तर तोही आयोडीन खातो. दोन्हींवर उपाय एकच: विकर न घालता नुसतं स्टार्च, व्हिनेगर किंवा सोडा आणि आयोडीन अशी नळी करून आधी रंग टिकतो का ते पाहा.

आता एका नळीत चिमूटभर मीठ घाला, दुसरीत मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, दोन थेंब. या भागाला शाळेतली काचसामग्रीच वापरा, घरची भांडी नको. मिठातलं क्लोराइड लाळेच्या अमायलेजला लागतंच. त्याच्याशिवाय ते जवळपास निष्क्रिय असतं. लाळेत मुळात थोडं क्लोराइड असतं, म्हणून साध्या नळीत फरक लहान दिसतो. तांबं मात्र त्याला अडवतं आणि ठिपके निळेच राहतात. गंमत अशी की वांग्यातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजच्या क्रियास्थळात तांब्याचे अणूच काम करतात आणि क्लोराइड त्याला अडवतं. म्हणजे एकाला जे लागतं, तेच दुसऱ्याला अडवतं. ‘मिठाने विकर मंदावतं’ असं सरसकट वाक्य म्हणूनच लिहिता येत नाही. कोणतं विकर, हे आधी सांगावं लागतं.

महाविद्यालयात हाच प्रयोग जास्त काटेकोर होतो. तिथे उरलेलं स्टार्च पाहण्याऐवजी तयार झालेली साखर मोजतात: डीएनएसए नावाचं अभिकर्मक घालून नळी उकळतात आणि येणाऱ्या नारिंगी-लाल रंगाची तीव्रता वर्णमापीवर ५४० नॅनोमीटरला वाचतात.

केळीतला स्टार्च

आयोडीन हाताशी आहे तोवर केळीही तपासून पाहा. जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल भागातून ती हिरवीच कापून पाठवली जाते. हिरव्या केळीच्या चकतीवर आयोडीन टाकलं तर ती काळीनिळी होते. पिकायला लागलेलीत मधला भाग फिका पडत जातो, पूर्ण पिवळ्या केळात रंग नावालाच येतो. कच्च्या केळीच्या गरात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतं आणि पिकेपर्यंत ते एक-दोन टक्क्यांवर येतं. हे काम केळीतली अमायलेजसारखी विकरं करतात.

पिकवणीगृहात केळीला इथिलीन वायू देतात. तो स्वतः स्टार्च तोडत नाही, तर ही विकरं तयार करण्याचा संदेश फळाला देतो. तापमान तिथे साधारण १६ ते १८ अंश राखतात. ते २४-२५ च्या फार वर गेलं तर गर मऊ आणि गोड होतो, पण साल हिरवटच राहते. सालीतलं हरितद्रव्य मोडणारी यंत्रणा त्या उष्णतेत मागे पडते. १३ अंशांच्या खाली नेलं तर सालीखालच्या पेशी बिघडतात, कप्पे फुटतात आणि वांग्यात होतं तसंच तपकिरीपण येतं. एकाच फळात दोन विकरांचा कारभार असा दोन वेगळ्या तापमानांवर चालतो, म्हणून पिकवणीगृहात काटा सतत पाहावा लागतो.

प्रयोग तिसरा: बटाटा आणि पेरॉक्साइड

इथे प्रश्न प्रमाणाचा आहे: विकर वाढवलं तर काय होतं आणि सबस्ट्रेट वाढवला तर काय होतं? मेडिकल स्टोअरमध्ये ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. यापेक्षा दाट वापरू नका आणि हातमोजे घाला. सारख्या आकाराच्या नळ्यांत पाच-पाच मिलिलिटर घेऊन प्रत्येकीत भांडी घासायच्या द्रावणाचा एक थेंब टाका, म्हणजे फेस टिकतो आणि त्याची उंची पट्टीने मोजता येते.

पहिल्या नळीत कच्च्या बटाट्याचा एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा टाका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चौथीत एकच तुकडा, पण बारीक किसलेला. पाचवीत उकडलेल्या बटाट्याचा तुकडा. एका मिनिटानंतर उंची लिहा. तुकडे वाढतात तसा फेस वाढतो. किसलेल्या एका तुकड्याचा फेस अख्ख्या एका तुकड्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण फुटलेल्या पेशी जास्त आणि उघडा पृष्ठभाग जास्त. उकडलेल्यात काहीच होत नाही. फेसाजवळ विझत आलेली उदबत्ती नेली तर ती पुन्हा लाल होऊन भडकते. तो ऑक्सिजनचा पुरावा.

बटाट्यातल्या या विकराला कॅटलेज म्हणतात. ते आपल्या रक्तातही असतं, म्हणून जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो. ज्ञात विकरांत ते सर्वांत चपळ असलेल्यांपैकी एक आहे. त्याचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो.

सबस्ट्रेट वाढवण्याची गोष्ट निराळी आहे. विकर तेवढंच ठेवून सबस्ट्रेट वाढवत नेला तर वेग आधी झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी एका पातळीवर सपाट होते. गावात पिठाची गिरणी एकच असेल तर रांगेत डबे वाढले म्हणून ताशी निघणारं पीठ वाढत नाही, तसं हे. सगळ्या खाचा भरलेल्या असल्या की जास्तीचे रेणू बाहेर थांबतात. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली यीस्टमधल्या इन्व्हर्टेजवर, म्हणजे साखर फोडणाऱ्या विकरावर, काम करून हे गणितात मांडलं. वेग कमाल वेगाच्या निम्म्यावर येण्यासाठी सबस्ट्रेटची जी संहती लागते, तिला मायकेलिस स्थिरांक म्हणतात. तो आकडा लहान असेल तर विकराला थोड्या सबस्ट्रेटवरही काम साधतं. कॅटलेजची क्षमता इतकी मोठी आहे की ३ टक्के पेरॉक्साइडमध्येही त्याच्या खाचा पूर्ण भरत नाहीत. त्यामुळे सपाट रेघ पाहायला बटाटा निवडू नका. तिच्यासाठी लाळेची पातळ केलेली नळी घेऊन स्टार्चचं प्रमाण वाढवत न्यावं आणि पहिल्या काही मिनिटांत तयार झालेली साखर डीएनएसएने मोजावी.

प्रयोग चौथा: सोयाबीन, युरिया आणि हळद

कपाशीला युरिया दिल्यावर जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचं युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. गरम, ओलसर जमिनीवर युरिया उघडा फेकला तर हे इतक्या वेगाने होतं की अमोनियाचा काही भाग हवेत उडून जातो. युरिया मातीआड करायला सांगतात ते यासाठी.

हेच विकर कच्च्या सोयाबीनमध्ये भरपूर असतं. चार काचेचे ग्लास घ्या, जे पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाहीत. तिघांत अर्धा कप कोमट पाणी आणि एक लहान चमचा युरिया, चौथ्यात नुसतं पाणी. चारही ग्लासांत चिमूटभर हळद घाला. पहिल्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ एक चमचा. दुसऱ्यात कुकरमध्ये शिजवून वाळवून दळलेल्या सोयाबीनचं तेवढंच पीठ. तिसऱ्यात पीठच नाही. चौथ्यात, जिथे युरिया नाही, तिथे कच्चं पीठ. काही वेळाने पहिला ग्लास लालसर होऊ लागतो, कारण तयार झालेल्या अमोनियाने पाणी अल्कलीयुक्त होतं आणि हळद अल्कलीत लाल होते. वास घेतला तर नाकाला झिणझिण्या येतात. बाकीचे तीन पिवळेच राहतात. तिसरा सांगतो की युरिया आपणहून एवढ्या वेळात तुटत नाही, चौथा सांगतो की नुसत्या पिठाने रंग बदलत नाही. दोन्ही असल्याशिवाय पहिल्या दोन ग्लासांतल्या फरकाचं श्रेय उष्णतेला देता येत नाही.

विकर हे प्रथिन असतं हे सिद्ध झालं तेही युरिएजमुळेच. किशोरवयात शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावलेल्या जेम्स समनर या अमेरिकन संशोधकाने वर्षानुवर्षं जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांवर काम करून १९२६ साली युरिएजचे स्फटिक वेगळे केले. आधी फारसं कोणी मानलं नाही. १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

सोयापेंड तयार करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आपल्या चार ग्लासांचाच नेमका अवतार रोज चालतो. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. त्यामुळे कोंबड्यांना खाद्यातलं प्रथिन नीट पचत नाही. पेंड वाफेवर भाजून ती प्रथिनं मोडावी लागतात. ती थेट मोजणं वेळखाऊ आहे. युरिएज मात्र साधारण तितक्याच उष्णतेला निकामी होतं आणि मोजायला सोपं असतं. म्हणून पेंड युरियाच्या द्रावणात अर्धा तास ३० अंशांना ठेवून सामू किती चढला ते पाहतात. चढ ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असेल तर भाजणं योग्य धरलं जातं. जास्त चढला तर पेंड कच्ची. शून्य आला तर विकर संपलं एवढंच कळतं. पेंड जास्त भाजली गेली का, लायसिनसारखं अमिनो आम्ल जळलं का, ते ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

जर्नल लिहिताना

प्रत्येक नळीपुढे चार गोष्टी लिहा: काय बदललं, काय तसंच ठेवलं, कंट्रोलमध्ये काय दिसलं, आणि किती मिनिटांत. प्रत्येक नळी किमान तीनदा करा. तीन आकडे एकमेकांच्या जवळ नसतील तर आलेख काढण्याआधी लाळ पातळ करण्यात किंवा घड्याळ पाहण्यात कुठे गडबड झाली ते शोधा. अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला तर तो खोडू नका, त्याच्या बाजूला कारणाचा अंदाज लिहा आणि तो तपासायला आणखी एक नळी लावा.

आणि ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहून मोकळे होऊ नका. पुस्तकात हे शब्द लिहिणाऱ्याच्या डोक्यात २५-२७ अंश असतात. जळगाव-धुळ्याच्या प्रयोगशाळेत जानेवारीच्या सकाळी पारा १५ च्याही खाली असू शकतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० च्या वर. वेग दर दहा अंशांना दुप्पट होतो असं धरलं, तर या दोन दिवसांच्या आकड्यांत सहा-सात पटींचा फरक पडेल आणि तोही विकरात काहीही बदल न होता. थर्मामीटर नळीशेजारच्या पाण्यात बुडवा, आकडा वाचा आणि तो लिहा.